कोलांटी सांगते शाळेचं नाव

शालेय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत पंचांच्या टेबलाशी बरीच वर्षं बसलं की एक खोड लागते. मूल मॅटवर येतं, दोन हालचाली करतं आणि पाठीवरचा नंबर दिसायच्या आधीच ते कुठल्या शाळेचं असणार हे कळतं. चेहरा ओळखीचा असतो म्हणून नव्हे. त्याच्या शाळेचं सामान त्याच्या अंगातून बोलत असतं. कोलांटीच्या शेवटी दोन्ही हात जमिनीला रेटून उठणारा पोरगा उतरत्या गादीवर शिकलेला. हातांवर उभी राहताच जिच्या पाठीची कमान होते, तिच्या शाळेत भिंतीचा वापर दांडगा. व्हॉल्टच्या बोर्डवर येऊन क्षणभर दबून बसला, तो ट्यूबवाला. पालकांना उडी दिसते. आम्हाला उडीमागची क्रीडासाहित्याची खोली दिसते.

परभणी जिल्ह्यातल्या अशा खोल्या बघण्यासारख्या असतात. जिम्नॅस्टिक्सचं सामान महाग, शाळेच्या खेळाच्या खात्यात चेंडू आणि नेट घेऊन उरतं ते किती? मग क्रीडाशिक्षक डोकं चालवतात. पिंजाऱ्याकडून गादी भरून घेतात, टायरवाल्याकडून ट्यूब आणतात, रंगाऱ्याकडची रिकामी बादली उचलतात. या जुगाडाचं कौतुक पुष्कळ होतं आणि व्हायलाही हवं. पण साधन नुसता आधार देत नाही, ते शिकवतंही. आणि पुष्कळदा आपण सांगितलेलं नसतं तेच शिकवून बसतं. हे किस्से त्या शिकवणीचे.

सरकीचं पोतं

आमचा जिल्हा कापसाचा. मानवत, सेलूकडं जिनिंगच्या मोसमात रस्त्याकडेच्या बाभळींनाही कापूस लागतो. त्यामुळे एका तालुक्याच्या शाळेत गाद्यांची ददात नव्हती. तिथल्या सरांनी एक युक्ती केली. नव्या पोरांना कोलांटी जमेना, म्हणून गादीच्या एका टोकाखाली सरकीचं पोतं सरकवलं. उतार तयार झाला. आठवडाभरात अख्खा वर्ग गडगडत उठून उभा राहायला लागला. सर खूश, पोरं त्याहून खूश.

जिल्हा स्पर्धेला मॅट सपाट. पहिलं पोरगं आलं, गोल फिरलं आणि बसलं. दुसरं बसलं, तिसरंही बसलं. पंगतीला बसावं तशी एकामागून एक सगळी पोरं त्याच जागी बसत गेली आणि हात टेकून उठत गेली. हात टेकला की गुण कापायचे, हा नियम. शेवटी सर टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "मॅटमदी काही तरी गडबड हाय बगा. आमची पोरं अशी करत नाहीत."

मॅट ठीक होती. उतारावर गती फुकट मिळते. सुरुवातीला पायांनी जोर लावावा लागत नाही, हनुवटी छातीशी आवळावी लागत नाही, शेवटी टाचा बुडाशी ओढून घ्याव्या लागत नाहीत. ही तिन्ही कामं उतारानं केली होती आणि श्रेय पोरांना मिळालं होतं. सपाट जमिनीवर तिन्हींची थकबाकी एकदम वसूल झाली.

उतार वाईट असतो असं नाही. जगभरच्या जिम्नॅशियममध्ये पाचरीसारखी उतरती मॅट असतेच आणि नवशिक्याला तिच्यावर गोल फिरण्याचा अंदाज लवकर येतो. या सरांनीही पुढच्या वर्षी पोतं फेकलं नाही. आधी भरलेलं, मग अर्धं, मग तळाशी चार मुठी सरकी आणि शेवटी नुसता बारदाना, अशी पायरी लावली. पोरांना उतार कधी संपला ते कळलंही नाही. पोतं तेच होतं, फक्त दर आठवड्याला रोडावत गेलं.

टाचांचे ठसे, अंगठ्यांचे ठसे

शहरातल्या एका शाळेची मागची भिंत दर वर्षी २६ जानेवारीच्या आधी चुन्यानं रंगवली जायची आणि फेब्रुवारीत पुन्हा काळी व्हायची. ओळीनं छोट्या टाचांचे ठसे. हँडस्टँडचा सराव. मुख्याध्यापक तळमळायचे, "चुन्याचं बिल क्रीडानिधीतून टाकू का?"

पोरं भिंतीसमोर हात टेकायची, पाय वर फेकायची आणि पाठ भिंतीकडं ठेवून, टाचा भिंतीला लावून मिनिटभर उभी. बघायला छान. पण हात भिंतीपासून हातभर लांब आणि टाचा भिंतीला, म्हटल्यावर मधल्या पाठीला कमान टाकण्यावाचून गत्यंतर नाही. मान बाहेर येते, पोट सुटतं, खांदे दबतात. तोल सावरायचं खांद्याचं, मनगटाचं आणि बोटांचं काम भिंत करून टाकते. वर आपण मिनिटं मोजतो, म्हणजे चुकीच्या आकाराला पक्कं करतो.

या शाळेची एक गुणी मुलगी स्पर्धेत हातांवर गेली. पाय मागं भिंत शोधत गेले, शोधतच राहिले आणि ती पाठीवर आडवी झाली. उठून सरांकडं गेली. डोळ्यांत पाणी, पण तक्रार नेमकी, "सर, इथं भिंतच नाही ओ."

यावर उपाय जुना आणि फुकटाचा आहे. हातांवर असताना तोंड भिंतीकडं ठेवायचं. हात टेकून पाय भिंतीवर चढवत न्यायचे, हात भिंतीजवळ सरकवायचे, छाती-पोट-मांड्या भिंतीलगत. आता कमान टाकायला जागाच उरत नाही, शरीर सरळ होणं भाग पडतं. मग एका पायाचा अंगठा भिंतीपासून सोडायचा, मग दुसऱ्याचा, श्वासभर, दोन श्वास. भिंत तीच, पण आधी ती वजन झेलत होती, आता फक्त रेघ दाखवते. त्या शाळेनं तोंड फिरवलं तसे भिंतीवर टाचांऐवजी अंगठ्यांचे ठसे उमटायला लागले. मुख्याध्यापक म्हणाले, "प्रगती हाय. पण चुना तेवढाच लागायलाय."

सरांचा हात

बॅक हँडस्प्रिंगला मुलं सरळ 'फ्लिक' म्हणतात. मागं उडी, हातांवर, पुन्हा पायांवर. मागचं काहीच दिसत नसल्यानं भीती मोठी. म्हणून प्रशिक्षक बाजूला गुडघ्यावर बसतो आणि एक हात पाठीखाली देतो. आमच्याकडच्या एका सरांचा हात त्यासाठी प्रसिद्ध होता. "सरांचा हात असला की फ्लिक पडतेच," असं पोरी सांगायच्या. स्पर्धेत प्रशिक्षकानं हात लावला की गुण गेले, म्हणून त्या विनवायच्या, "हात लावू नका सर, पण नुसतं बाजूला थांबा."

सर थांबले. पोरगी उडाली. ती मागं जायच्या ऐवजी वर गेली, हवेत काही तरी ओलांडल्यासारखी, आणि हात पायांच्या अगदी जवळ टेकले. कोपरं वाकली, डोकं मॅटला लागता लागता वाचलं. टेबलावरून मला तिची पाठ आणि जमीन यांच्यामधली पोकळी दिसत होती. ती बरोबर सरांच्या हाताच्या मापाची होती.

चांगली फ्लिक लांब आणि बसकी असते. खुर्चीत बसायला जावं तसा तोल मागं जाऊ द्यायचा आणि मग पायांनी रेटायचं. पाठीखाली कायमचा हात असला की मुलाला दोन गोष्टी समजतात. एक, तोल मागं सोडायची गरज नाही, कुणी तरी उचलणार आहे. दोन, तिथं एक अडथळा आहे, त्याच्यावरून जायचं आहे. दोन्ही चुकीच्या, आणि दोन्ही प्रेमानं शिकवलेल्या.

प्रयोगशाळेतही याच्या जवळ जाणारी गोष्ट हाती लागली आहे. सालमोनी, श्मिट आणि वॉल्टर या संशोधकांनी १९८४ मध्ये हालचाली शिकण्यावरच्या आधीच्या प्रयोगांचा आढावा घेतला. प्रत्येक प्रयत्नानंतर 'इतकं चुकलं, इतकं बरोबर' असं सांगत राहिलं, तर सरावाच्या वेळी कामगिरी छान दिसते. पण सांगणं थांबलं की ती घसरते, कारण शिकणारा स्वतःच्या अंगाकडून येणारी खबर ऐकायचं शिकलेलाच नसतो. शब्दांचं हे, तर पाठीखाली दिलेल्या हाताचं काय सांगावं!

त्या सरांनी नंतर पद्धत बदलली. हात पाठीखालून काढून मांडीच्या मागं नेला, उचलायला नव्हे तर दिशा दाखवायला. मग एक फेरी हाताची, एक बिनहाताची, आणि कुठली कोणती ते आधी सांगून. बिनहाताच्या फेरीला खाली जाड गादी. इथं एक गोष्ट ठासून सांगायला हवी : काढायचा तो आधार, गादी नव्हे. पडल्यावर वाचवणारं साधन आणि पडू न देणारं साधन ही दोन वेगळी खाती आहेत. दुसऱ्यात काटकसर करावी, पहिल्यात कधीही नाही.

फेरी झाल्यावर सर लगेच चूक सांगायचे नाहीत. आधी विचारायचे, "काय झालं सांग." पहिले काही दिवस पोरी गप्प. मग एकीनं सांगितलं, "गुडघे पुढं गेले सर." बरोबर होतं.

लेकराचे पाय बादलीत काहून?

आता चांगल्या साधनाचा किस्सा. पॉमेल हॉर्स म्हणजे हातांवर भार घेऊन दोन्ही पाय जोडून गोल फिरवायचे. अवघड काम. ते शिकवायला जगभर बादली वापरतात. वरून दोरीनं बादली टांगायची, पाय तिच्यात ठेवायचे आणि हातांनी गोल फिरायचं.

आमच्या एका शिक्षकानं कडुलिंबाच्या फांदीला डिस्टेंपरची बादली टांगली. खाली बाभळीचा बुटका बुंधा, वर बारदाना. पोरगं हात बुंध्यावर ठेवून, पाय बादलीत घालून फिरायला लागलं की शेजारच्या घरातल्या आजी कुंपणाशी यायच्या, "सर, लेकराचे पाय बादलीत काहून घातलेत? काही चूक केली का त्यानं?"

या बादलीची खुबी अशी, की ती फक्त पायांचं वजन घेते. एका हातावरून दुसऱ्या हातावर भार कधी न्यायचा, खांदे कुठं झुकवायचे, हात कधी उचलायचा हा पॉमेलचा सगळा जीव पोराकडंच राहतो. ज्या दिवशी जे शिकायचं ते सोडून बाकीचं ओझं उचलणारं साधन चांगलं. ज्या दिवशी जे शिकायचं तेच उचलून नेणारं साधन घातक. एवढी एक कसोटी लावली तरी खोलीतलं निम्मं सामान आपोआप वेगळं होतं.

तरी बादलीलाही तिची मेख आहेच. पाय विसावलेले असल्यानं कंबर लोंबते, शरीर कंबरेत मोडतं. नुसत्या बादलीवर वर्षभर फिरलेला पोरगा बादली काढल्यावर पाय फरफटवतो. म्हणून त्या शिक्षकानं पहिल्या आठवड्यापासूनच बादलीच्या फेऱ्यांच्या मध्ये एखादा बिनबादलीचा अर्धा फेरा घालून ठेवला होता. तो अर्धा फेरा दिसायला वाईट असायचा. पण खरी बातमी त्यातच कळायची.

ट्यूब, स्कूटर आणि पाच सेंटिमीटर

व्हॉल्टच्या स्प्रिंगबोर्डाची गोष्ट सगळ्यात नाजूक. खरा बोर्ड पाय पडला की दबतो आणि निमिषात परत फेकतो. त्या निमिषात पाय ताठ लागतात. आमच्याकडं पुष्कळ शाळांत फळीखाली ट्रकची हवा भरलेली ट्यूब असते. ट्यूब सावकाश दबते, सावकाश उठते. पोरं तिच्या तालाला सरावतात, गुडघे वाकवून तिची वाट बघतात. खऱ्या बोर्डवर तशी वाट बघितली की बोर्ड आपलं काम उरकून मोकळा झालेला असतो आणि पोरगं व्हॉल्टच्या तोंडाशी थबकतं. म्हणूनच स्पर्धेच्या सकाळी वॉर्मअपला बोर्डसाठी जी झुंबड उडते, ती बघण्यासारखी असते. पोरांना उडी पाठ असते, बोर्ड नवा असतो.

जुगाडाची गोष्ट निघाली की कुणी ना कुणी जिम्नॅस्ट दीपा कर्माकरचं नाव काढतंच. आगरतळ्यात तिचे प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनी सुरुवातीच्या काळात जुन्या स्कूटरच्या भागांपासून स्प्रिंगबोर्ड बनवला होता, हे खरंच आहे. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये तिनं प्रोदुनोव्हासारखा धोकादायक व्हॉल्ट मारला, १५.०६६ गुण मिळवले आणि कांस्यपदक ०.१५० नं हुकलं. पण आपण ही गोष्ट अर्धीच सांगतो. स्कूटरवर सुरुवात झाली, शेवट नाही. पुढं दिल्लीच्या राष्ट्रीय शिबिरात तिला दर्जेदार साहित्य मिळालं आणि त्यावर तिनं त्या व्हॉल्टच्या असंख्य आवृत्त्या केल्या. स्कूटरनं दार उघडलं, आत नेलं ते दुसऱ्या सामानानं.

आणि सामान बदललं की अंग किती बारकाईनं फसतं याचा जगातला सर्वांत मोठा किस्सा २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकमधला. महिलांच्या वैयक्तिक सर्वांगीण अंतिम फेरीत व्हॉल्टचा घोडा १२५ सेंटिमीटरऐवजी १२० सेंटिमीटरवर लावला गेला होता. फक्त पाच सेंटिमीटरचा फरक. जगातल्या अव्वल मुली एकामागून एक घसरायला लागल्या. स्वेतलाना खोर्किना गुडघ्यांवर आपटली. कुणाच्याच लक्षात येईना. शेवटी ऑस्ट्रेलियाच्या अलाना स्लेटरनं उंचीबद्दल शंका काढली, मग माप घेतलं गेलं आणि चूक सापडली. ज्यांचे व्हॉल्ट झाले होते त्यांना पुन्हा संधी दिली गेली. पण खोर्किना तोवर बार्सवरूनही पडली होती, तिची पदकाची आशा संपली होती. पुढच्याच वर्षापासून त्या जुन्या घोड्याच्या जागी रुंद, सुरक्षित टेबल आलं.

जगज्जेत्या मुलीला पाच सेंटिमीटर पाडू शकतात, तर आमच्या पोराला ट्यूब आणि बोर्ड यांतलं अंतर का पाडणार नाही? त्याला दोष देण्यात अर्थ नाही. स्पर्धेआधी निदान दोन-तीनदा खऱ्या बोर्डवर न्यावं, एवढंच.

राळ, एरंडेल आणि चहाडखोर खांब

मल्लखांबाचं प्रकरण यातलं सर्वांत गमतीचं, कारण इथं साधनच खेळ होऊन बसलं. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लस्तंभाचा उल्लेख आहे. कुस्तीगिराच्या सरावाचं ते साधन. पुढं विस्मरणात गेलेली ही विद्या दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी पुन्हा उभी केली. त्यांची दंतकथा सगळ्यांना ठाऊक आहे. अली आणि गुलाब हे दोन मल्ल पुण्यात आव्हान घेऊन आले, बाळंभटदादांनी मुदत मागितली, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन उपासना केली, तिथं माकडाच्या कसरती बघून ही विद्या गवसली आणि मग त्यांनी अलीला चीत केलं. आमच्याकडं हा किस्सा सांगताना एक मिस्कील शेपूट जोडतात. ते दोघे मल्ल निजामाच्या दरबारचे, म्हणजे तेव्हाच्या हिशेबानं आमच्याच मुलखाचे. तेव्हा मल्लखांबाच्या पुनर्जन्मात हरून का होईना, पण आमचा वाटा आहे.

मल्लखांब स्पर्धेतला पडद्यामागचा खरा माणूस म्हणजे एरंडेलाचं फडकं घेऊन उभा असलेला. खांबाला एरंडेल लावतात, म्हणजे कातडी सोलत नाही. अंगाला राळेची पूड लावतात, म्हणजे पकड मिळते. दोन्हींचा मेळ बसला की मांड्या खांबाला धरतात आणि सुटतातही. पण घाबरलेली पोरं राळ अशी फासतात, की चार जण चढून उतरले की खांब चिकट. पुढचा पोरगा फिरकीच्या मध्यावर अडकतो, मांडीला चटका बसतो. की फडकंवाला धावलाच. मे महिन्यात परभणीचा पारा चढला की घाम, तेल आणि राळ यांचं जे रसायन होतं, त्याला कुठल्याही पुस्तकात नाव नाही.

एक जुने उस्ताद नव्या पोरांची राळेची पुडी सरळ स्वतःच्या खिशात टाकायचे. पहिल्या अढ्या, म्हणजे मांड्यांच्या पकडी, बिनराळेच्या. पोरं घसरायची, कुरकुरायची, "उस्ताद, जमंना गेलंय." उस्ताद म्हणायचे, "मांडी आवळ. पुडी कुठं जात नाही." राळेनं पकड लगेच मिळते आणि म्हणूनच मांड्या आवळायची सवय लागत नाही. सवय लागली की पुडी परत. मग तीच राळ भर घालते, नुसती झाकपाक करत नाही.

त्यांचं दुसरं अस्त्र म्हणजे टांगता मल्लखांब. साखळीनं टांगलेला, जमिनीशी काही संबंध नसलेला. पुरलेला खांब पोराची चूक पोटात घालतो. झोक चुकला, भार एका बाजूला गेला, तरी खांब हलत नाही आणि बघणाऱ्याला कळत नाही. टांगता खांब मात्र लगेच चहाडी करतो. झोक चुकला की तो झुलतो, भार वाकडा पडला की गरकन फिरतो. एखाद्या पोराची फिरकी पुरलेल्या खांबावर साफ दिसत असली तरी उस्तादांचं समाधान व्हायचं नाही. "टांगत्यावर दाखव." तिथं जी दिसायची ती खरी फिरकी. म्हणजे साधन सोपं करणारंच असावं असं नाही. काही साधनं कामच अवघड करून खरं बोलायला लावतात आणि आमच्या खोल्यांत नेमकी अशीच कमी असतात.

साहेबांची तपासणी

आता सामान सुधारतंय. फोमच्या मॅट आल्या, काही ठिकाणी हवेनं फुगवायचे लांब एअर ट्रॅकही आले. त्यावर पोरं एका दमात तीन-तीन फ्लिक मारतात, मोबाइलवर व्हिडिओ फिरतात. मग तीच पोरं स्पर्धेच्या फ्लोअरवर येतात आणि पहिल्याच फ्लिकनंतर गुडघे खचतात, कारण एअर ट्रॅक परत फेकायला जेवढा वेळ घेतो तेवढा फ्लोअर घेत नाही. ट्यूबची गोष्ट नव्या, महाग कपड्यांत परत आली आहे. पैसा आला म्हणून हा प्रश्न सुटत नाही. उतार, भिंत, हात, बादली, ट्यूब, राळ, एअर ट्रॅक, सगळ्यांना प्रश्न एकच : हे काढायचं कधी?

शाळेत याचा हिशेब ठेवायची सोय नाही. डेडस्टॉक रजिस्टरात वस्तूचं नाव, नग, किंमत, खरेदीची तारीख आणि मोडली की निर्लेखन, एवढेच रकाने. बादलीवाल्या शिक्षकानं म्हणून स्वतःची वेगळी वही केली होती. डावीकडं पोराचं नाव, मध्ये साधन, उजवीकडं ते काढल्याची तारीख. काही नावांपुढं तारखेच्या जागी 'पुन्हा दिलं' असंही लिहिलेलं असायचं, कारण घाई झाली की एक पाऊल मागं यावं लागतं.

एकदा तपासणीला साहेब आले. खोलीत बादली, पोतं, ट्यूब ओळीनं ठेवलेली, वर धूळ. साहेबांनी रजिस्टर उघडलं.

"हे साहित्य वापरात दिसत नाही, गुरुजी."

"होतं साहेब. आता पोरांना लागत नाही."

"मग निर्लेखित का केलं नाही?"

"जूनमध्ये पाचवीचा नवा वर्ग येतोय साहेब," गुरुजी म्हणाले. "त्यांना लागंल. दिवाळीपर्यंत."

साहेबांनी शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'साहित्य सुस्थितीत.' गुरुजींनी सही केली आणि बादलीवरची धूळ पुसायला घेतली.